छत्री बरोबर हाय, वॉल लीक हाय

कोल्हापूरच्या आख्ख्या मंगळवार पेठेत माझ्या हातानं काढलेलं पंक्चर परत आलंय असं कुणी एकानं दाखवावं, मी मिशी उतरवून देतो. मिशी मला कधी धड आलीच न्हाय, चार केस हिकडं आनि चार तिकडं, त्यामुळं पैज लावायला माझं जातंय काय.

दुकान म्हंजे एक पत्र्याचं खोकं. त्यात हवेचं मशीन, पाण्यानं भरलेली घमेली, कानस, सोल्युशनच्या ट्यूबा आनि मी. शाळंत चौथीपतोर गेलो. तितं बी मास्तर मला वर्गाच्या भाइरच उभा करायचं, त्यामुळं शाळंची भाइरची भिंत मला चांगली पाठ हाय, आतलं काय इचारू नका. धंद्यात मातर मी एक वाक्य शिकलो आनि जन्मभर त्याच्यावरच जगलो.

त्याचं असं हाय. गिऱ्हाईक पंक्चर काढून जातं आनि दोन-चार दिसांनी गाडी ढकलत परत येतं. म्हणतं, अरं, तू पंक्चर काढलंस न्हवं, मग चाक परत बसलं कसं? मी काय बोलत न्हाय. चाकापाशी बसतो, बोटाला थुकी लावतो आनि ते बोट हवा भरायच्या वॉलच्या तोंडावर टेकवतो. थुकीचा बारीक फुगा झाला की वर बघून म्हणतो, ‘पावणं, पंक्चर माझं बरोबर हाय. वॉल लीक हाय.’

गिऱ्हाइकाला काय ते पटत न्हाय. त्याला वाटतं ह्यो स्वताचं काम झाकतोय. त्याचं म्हणणं एकच असतं, भोक हुतं, भोक बुजवलं, मग हवा जाती कुठनं? आता भोक येगळं आनि वॉल येगळा, हे त्याला कोण सांगणार. मी सांगायचो, आनि ते गेलं की शेजारच्या पानवाल्याला त्याच्या तोंडाची नक्कल करून दाखवायचो. ती नक्कल मला लई झ्याक जमायची. आता जमत न्हाय.

आमाला एकच पोरगी. जन्मली तवा एवढीशी, मुठीत मावल असली. दूध प्यायला लागली की दमायची. कपाळावर घाम यायचा, अर्ध्यातच तोंड सोडायची. सारखी सर्दी, सारखी छाती भरलेली. हिला, म्हंजे माझ्या बायकोला, पयल्यापास्नंच शंका हुती. मी म्हणायचो, बापावर गेलीया, काम म्हटलं की दम लागतोय. मग एका डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच येळ ऐकत बसला आनि म्हणाला, हृदयाला भोक आहे.

मी म्हटलं, ‘कुठल्या साईडला?’

सवय, दुसरं काय. हिनं मला कोपरानं असं ढोसलं की माझ्याच काळजाला भोक पडायचं. डॉक्टर बिचारा चांगला हुता, त्यानं कागदावर चित्र काढून दावलं. चार खोल्या, मधी भिंत, भिंतीला भोक. चांगलं रगत आनि वाईट रगत मिसळतंय म्हणाला. मी मान हलवली आनि भाइर आलो. हिला सांगितलं पाणी पिऊन येतो. आनि माझ्या स्कुटरपाशी बसून चाकाची हवा बघत बसलो. पुढचं बघितलं, मागचं बघितलं, परत पुढचं बघितलं. दुसरं काय बघायला येतंय मला.

वजन वाढू दे, मग बघू, असं करत करत पोरगी दुसरीत गेली. तवा पुण्यात असली भोकं छाती न फाडता बुजवायला लागलं हुतं. जांघेतल्या शिरेतनं बारीक नळी घालायची, ती काळजापतोर न्यायची आनि नळीतनं एक मिटलेली छत्री सोडायची. भोकापाशी जाऊन ती उघडती, दोन्ही अंगानं भिंतीला चिकटून बसती, भोक बंद. डॉक्टर ‘छत्री’च म्हणायचं तिला. आमच्यासारख्यास्नी समजावं म्हणून म्हणत असतील. पण छत्री म्हटल्यावर माझ्या डोळ्याम्होरं आली ती आमच्या बाची काळी छत्री, वाकड्या मुठीची. मी लई भ्यालो. हिला काय बोललो न्हाय, पण डॉक्टरला एकट्याला गाठून इचारलं, ‘सगळं बरोबर, पण दांडा कुठं ऱ्हातोय?’

डॉक्टर हसला आनि म्हणाला, दांडा आम्ही काढून घेतो. त्येबी खरंच हुतं. छत्री बसली की तिला धरलेली तार फिरवून सोडवत्यात आनि भाइर काढत्यात. मला वाटलं त्यानं माझी मस्करी केली, म्हणून मीबी हसलो.

दोन दिसांत पोरगी घरला आली. छातीवर ओरखडा न्हाय. जांघेत एवढासा डाग. मी पेठेत सांगत सुटलो, पुण्याचा डॉक्टर म्हंजे आपल्याच धंद्यातला माणूस, फकस्त त्याला चाक खोलायला लागत न्हाय. पोरगीबी माझीच. शाळंत खेळाच्या तासाला दमली की बाईंस्नी सांगायची, आत छत्री उघडलीया, वारं लागतंय, पळता येत न्हाय. सगळा वर्ग तिच्या छातीवर बोट दाबून छत्रीचं बटण शोधायचा. ती सगळ्यास्नी दाबू द्यायची.

त्यानंतर दर वर्साला तपासणी. पयल्यांदा पुण्यात, मग कोल्हापुरातच सोय झाली. छातीला थंडगार जेल लावायचं, मशीन फिरवायचं, टीव्हीवर निळं-लाल कायतरी हलायचं. डॉक्टर दर बारीला म्हणायचं, छत्री छान बसली आहे. आनि त्याला जोडून म्हणायचं, शेजारच्या झडपेतून किंचित गळती आहे, घाबरायचं कारण नाही, बघत राहू.

झडप म्हंजे काय हे मी कधी इचारलं न्हाय. आमच्या घरात जिन्याच्या डोक्यावर एक फळी हुती, ती उचलली की माळ्यावर जाता यायचं, सोडली की धाडदिशी बंद. तिला आमी झडप म्हणायचो. मला वाटलं छत्रीला असंच कायतरी झाकण असंल, ते जरा सैल बसत असंल. आनि गळती काय, आमच्या पत्र्यालाबी हाय. तितं मीबी बघतच ऱ्हातोय.

मला तवा कळलं असतं तरी काय फरक पडणार न्हवता, हे पुढं डॉक्टरनीच सांगितलं. ते बघतच हुतं. गळती किंचितच हुती, आनि किंचित असताना करण्यासारखं काय नसतंय. कुणाची चूक काढायची म्हटलं तरी सापडत न्हाय. त्यामुळंच जास्त तरास हुतोय. चूक सापडली की माणूस तिला धरून शिव्या तरी देतोय.

पोरगी शिकली, बालवाडीवर लागली. जयसिंगपूरचं स्थळ आलं. पोरगा ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात कामाला. मितभाषी, म्हंजे इतका की बघायला आला तवा मला वाटलं मुका हाय आनि हे लपवत्यात. आमी काय लपवलं न्हाय. पोरीनंच पोहं ठेवता ठेवता सगळ्यांम्होरं सांगितलं, माझ्या काळजाला भोक हुतं, छत्री घालून बुजवलंय, दर वर्साला तपासायला जाते. बैठक एकदम गप झाली. त्या गपीत मला ऱ्हावलं न्हाय. मी म्हटलं, हिला पावसाळ्यात छत्री घेऊन द्यायला लागणार न्हाय, आतच बसवलीया. कोण हसलं न्हाय. पोरगा तेवढा खाली मान घालून हसला. माझ्या मनात तितंच पक्कं झालं, जावई ह्योच.

लग्नाला दोन वर्सं झाली आसतील. गेल्या पंचमीला पोरगी माहेरी आली. हिनं तिला म्होरं बसवून केसास्नी तेल लावायला घेतलं आनि मधीच हात थांबला. मला हाक मारून म्हणाली, हिच्या मानेची शीर बघा कशी उडतीया. बघतोय तर खरंच, मानेच्या दोन्ही अंगाला ठाक ठाक उडत हुतं. लांबनं दिसत हुतं. पोरगी म्हणाली, ते तर कवापास्नं हाय, आनि उशीवर डोकं टेकलं की कानात कोण पंप मारतंय असं ऐकू येतंय. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागतंय, बालवाडीतली पोरं पुढं पळत्यात आनि वरनं बाई बाई करून वरडत्यात.

मी म्हटलं, ‘पंपच मारायचा हुता तर मला सांगायचं. घरच्या माणसाला हवा फुकट.’

ती हसली. माझ्या जोकवर ती ल्हानपणापास्नं हसत आलीया, तिच्याइतकं मनापास्नं आजपतोर कोण हसलं न्हाय. पण हसता हसता तिचा दम गेला. तोंड उघडं टाकून, एक हात आईच्या गुडघ्यावर टेकून, ती श्वास गोळा करत बसली. मी तितंच उभा. हिनं माझ्याकडं बघितलं. जोक मारून मी आजपतोर लई जणास्नी तरास दिलाय, पण असला न्हाय.

लगोलग दवाखान्यात गेलो. ह्या बारीला नवीन डॉक्टरीणबाई हुत्या, तरण्या, शांत. आमी चौघं गेलतो, जावईबी आलता. मशीन बराच येळ फिरवलं. मग आमाला समोर बसवलं आनि त्या म्हणाल्या, ‘छत्री जिथल्या तिथे आहे. पण तिची कड शेजारच्या व्हॉल्व्हला लागते. इतक्या वर्षांत तो व्हॉल्व्ह हळूहळू खराब झाला.’

व्हॉल्व्ह म्हटल्यावर मी ताठ बसलो. इतकी वर्सं झडप झडप म्हणत हुतं ते वॉल हुता. वॉल. माझ्या घरात, माझ्या पोरीच्या छातीत वॉल हुता आनि तो गळत हुता, आनि मी पेठेतल्या सगळ्या गाड्यांच्या वॉलवर थुकी लावत फिरत हुतो.

मी म्हटलं, ‘बाई, भोक बुजवलंय न्हवं?’

‘हो. पूर्ण बुजलंय.’

‘मग गळतंय कसं? भोक बुजवलंय तर गळतंय कुठनं?’

त्या म्हणाल्या, ‘भोक बरोबर आहे. व्हॉल्व्ह लीक आहे.’

वाक्य माझंच हुतं. मला काय ते पटलं न्हाय. गिऱ्हाईक करतंय तसं तोंड माझं झालं, आनि मी तेच तेच बोलाय लागलो, तुमी नीट बघा, पुण्याच्या डॉक्टरनं पक्कं काम केलतं, असं कसं हुईल. बाई तिसऱ्यांदा समजावून सांगत हुत्या. पोरगी माझा हात धरून बसली हुती. शेवटाला मी इचारलं, बरं, वॉल तर वॉल, मग आतली पिन बदलून भागत न्हाय का? आमच्यात पिन काढायची, दुसरी घालायची, गिऱ्हाईक गाडीवरनं उतरतबी न्हाय.

त्या म्हणाल्या, छाती उघडावी लागेल.

मग त्यांनी दोन तऱ्हंचं वॉल सांगितलं. एक धातूचा. त्यो टिकतोय, बहुतेक जन्मभर. पण रगत पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, ती कधी सोडायची न्हाय, सारखं रगत तपासायचं. आनि दिस गेलं तर त्या गोळीनं आईच्याबी जिवाला धोका आनि पोटातल्याच्याबी. दुसरा जनावराच्या कातडीगत पातळ पडद्यापास्नं केलेला. त्याला ती गोळी जन्मभर लागत न्हाय. पोर हू शकतंय, लक्ष ठेवून. पण तरण्या माणसात त्यो लवकर झिजतोय. दहा वर्सांनी म्हणा, पंधरा वर्सांनी म्हणा, कवातरी छाती परत उघडायला लागणार. ते टळत न्हाय.

‘लोखंडीच घाला,’ मी म्हटलं.

पोरगी म्हणाली, ‘आबा, त्यांनी मला इचारलंय.’

खोलीत गप झालं. आनि गप झालं की मला काय हुतंय तुमास्नी ठावं हाय. मी इचारलं, कुठल्या जनावराचा असतोय? बाई म्हणाल्या, गुरांचा असतो, डुकराचाही असतो. मी म्हटलं, म्हशीचा मिळंल का, आमी कोल्हापूरचं, आमाला म्हशीचंच सोसतंय. बाई कागदाकडं बघाय लागल्या. जावई खाली बघत हुता, पण हसत न्हवता. आनि हिनं मला ढोसलंबी न्हाय.

घरला आल्यावर पोरीनं सांगून टाकलं, जनावराचा घालायचा, आनि जावयासंगट जयसिंगपूरला गेली. मी दोन दिस दुकान उघडलं न्हाय. तिसऱ्या दिशी कुणाला न सांगता जयसिंगपूरची यष्टी धरली. म्हटलं जावयाला गाठावं, त्यो ऐकंल. दुकानापास्नं त्याला चहाच्या गाड्यावर नेला आनि जे आयुष्यात कधी केलं न्हवतं ते केलं, म्हंजे जोक न मारता बोललो. म्हटलं, पावणं, पोर काय, दत्तकबी घेता येतंय. मला पोरगी दुसरी मिळणार न्हाय. एकदा छाती फाडली तर फाडली, परत परत तिला त्या टेबलावर झोपवायची न्हाय मला. तिला सांगा. तुमचं ऐकंल.

जावई चहाचा कप बोटांत फिरवत ऱ्हायला. मग म्हणाला, ‘मामा, मी हेच म्हटलं तिला. तवापास्नं माझ्याशी बोलत न्हाय ती. तुमी बोलून बघा की.’

तितनं त्यांच्या घरला गेलो. पोरगी शेंगा फोडत बसली हुती. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं बस. मीबी खाली बसलो. मला आता खाली बसलं की उठायला कशाचातरी आधार धरायला लागतोय, पण तिला उठवायचं न्हवतं मला. तिच्याबरोबर शेंगा फोडाय लागलो. ती म्हणाली, ह्यांनी पाठवलं? मी म्हटलं, न्हाय, मीच ह्यास्नी पाठवत हुतो, ते उलटं झालं.

मग मी माझं सगळं बोललो. यष्टीत पाठ करत आलतो. तिनं ऐकून घेतलं. शेंगा फोडायचं थांबली न्हाय.

‘आबा, तुमास्नी कुणी सांगितलं असतं, तुमाला पोरगी हुईल पण तिच्या काळजाला भोक असंल आनि जन्मभर तिच्या मागं पळायला लागंल. तुमी नको म्हटलं असतं?’

मी म्हटलं, ‘ते येगळं.’

‘काय येगळं?’

तोंडात शेंगदाणा हुता, त्यो चावायचंबी सुचंना.

ती म्हणाली, ‘ल्हानपणापास्नं मला सगळी जपत आल्यात. पळू नको, उचलू नको, भिजू नको. आई जपती, तुमी जपताय, आता ह्ये जपत्यात. मलाबी कुणालातरी जपायचं हाय. एवढंच हाय माझं. दुसरं काय मागत न्हाय.’

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पाण्याचा तांब्या दिला. ती पाणी प्याली, आनि म्हणाली, जेवून जावा, वांग्याचं केलंय. मी जेवलो. वांगं चांगलं झालतं. मी तसं सांगितलंबी. मग तिनं फोडलेल्या शेंगांचं दाणं एका पिशवीत भरून आईसाठी दिलं.

परत येताना यष्टीत शेवटच्या शिटावर बसलो. हातकणंगल्यापतोर आवरलं, पुढं आवरलं न्हाय. शेजारी एक म्हातारा हुता, त्यानं इचारलं, पावणं, कोण गेलं व्हय? मी म्हटलं, कोण न्हाय, पिशवीत कांदा हाय. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं, आत शेंगदाणं. म्हातारा शहाणा हुता, काय बोलला न्हाय. खिडकी तेवढी उघडून दिली.

ऑपरेशनच्या दिशी आमास्नी सकाळीच भाइर बाकड्यावर बसवलं. पोरीला आत नेताना ती आईला म्हणाली, दुपारी जेवून घ्या, उपास करत बसू नका. मला काय म्हणाली न्हाय, नुसतं बघून हसली. आनि मग ते झुलतं दार बंद झालं.

जावई लांब खिडकीपाशी उभा हुता. मी आनि ही बाकड्यावर. लग्न झाल्यापास्नं ही बाई मला गप बसा, गप बसा म्हणत आलीया. लग्नात म्हणाली, बारशात म्हणाली, माझ्या बाच्या मातीला गेलो तितंबी म्हणाली. त्या दिशी बराच येळ झाल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आनि म्हणाली, ‘अवो, बोला की कायतरी.’

मी डोस्क्यात सगळीकडं शोधलं. शेवटाला बुलेटवाल्या पैलवानाची गोष्ट सुरू केली, त्यो एकदा माझ्या दुकानात आलता आनि पंक्चर पुढच्या चाकाला असताना मागचं खोलून बसलाता, ती. ती गोष्ट मी हजार बारीला सांगितलीया. अर्ध्यात आलो आनि पुढचं आठवंना. पैलवान काय म्हणतोय तेच आठवंना. हिनं जरा वाट बघितली. मग पुढचं तिनंच सांगितलं, हळू आवाजात, अगदी मी सांगतो तसं, पैलवानाच्या आवाजासकट. शेवटपतोर सांगितली. आमी दोघंबी हसलो न्हाय. गोष्ट संपली आनि परत दाराकडं बघत बसलो.

दुपार कलली तवा सर्जन भाइर आलं. टोपीनं कपाळावर वळ उठलं हुतं. म्हणाले, झालं, व्यवस्थित झालं. छत्री काढली, भोकावर कापडाचा तुकडा लावून शिवलं, नवीन व्हॉल्व्ह बसवला. ही हात जोडून खालीच बसली. जावई खिडकीला टेकून तसाच उभा ऱ्हायला, पाठ आमच्याकडं करून, आनि त्याचं खांदं हलत हुतं. मी सर्जनला इचारलं, कापडाचा तुकडा म्हंजे पॅचच मारला की.

ते म्हणाले, ‘हो, आम्हीही पॅचच म्हणतो.’

त्या दिसातलं तेवढंच एक मला पुरतं समजलं.

काचंच्या खोलीतनं तिला साध्या वॉर्डात आणली तवा बघवत न्हवती. गळ्याखालनं पोटापतोर पट्टी. पुण्यातनं एवढासा डाग घेऊन आलती, ते आठवलं. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची आनि मग खोकायची, तसं करायला सांगत्यात तितं, टाकं वडत न्हाईत म्हणून. ती उशी धरायची आनि डोळं मिटायची, आनि मी वॉर्डाच्या भाइर जायचो. जावई आत ऱ्हायचा. पाणी, गोळी, तिची वेणी, सगळं त्यो गप ऱ्हाऊन करायचा. एका शब्दानं बोलायचा न्हाय आनि सगळं येळंवर व्हायचं. मी एवढा बोलतोय, माझ्याच्यानं एक चमचा धड हुईना. सांडायचाच.

घरला सोडायच्या आदल्या दिशी ती जरा टेकून बसली. तोंडावर रंग आलता. म्हणाली, आबा, कानातला पंप बंद झालाय. मी म्हटलं, पंपवाला जेवायला गेला असंल. तिनं उशी धरली छातीशी, म्हंजे हसणार हुती. मला इतकं बरं वाटलं की मी सुटलोच.

म्हटलं, आता कशाची काळजी करू नगंस. तुला पोर हू दे, धा पोरं हू देत. ह्यो वॉल कवा का लीक हुईना, दहा वर्सांनी हू दे, पंधरा वर्सांनी हू दे. पुढच्या बारीलाबी मीच येतो तुझ्यासंगट. बाकड्यावर बसायला माणूस पायजेच की, आनि मला आता त्या बाकड्याची सवय झालीया, खालचा एक खिळा वर आलाय त्येबी ठावं हाय.

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. पांढऱ्या केसाकडं बघितलं, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताकडं बघितलं. जावई खिडकीत मोसंबं सोलत हुता, त्याच्याकडं बघितलं. मग उशी बाजूला ठेवली.

‘पुढच्या बारीला तुमी कुठं असणार हाय, आबा,’ ती म्हणाली. ‘ह्यास्नी शिकवून ठेवा सगळं, पैलवानाच्या गोष्टीसकट.’